धातूशिवाय हायड्रोजनीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीच्या वर्गात हा विषय निघाला की दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि कारखान्यात काम करणारे जुने मित्रही तेच विचारतात, फक्त जरा तिरकसपणे. त्यांची उत्तरं एकदा सलग लिहून काढली आहेत. काही लांब झाली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत.

हायड्रोजनीकरण म्हणजे नेमकं काय?

ज्या सेंद्रिय रेणूत दुहेरी किंवा तिहेरी बंध आहे तो असंतृप्त. त्या बंधावर हायड्रोजनचा रेणू चढवला की झालं हायड्रोजनीकरण. घरातलं उदाहरण डालड्याच्या डब्याचं. तेलातले दुहेरी बंध निकेलच्या भुकटीवर हायड्रोजन देऊन कमी केले की तेल थिजतं. निकेलचा हा गुण फ्रान्समधल्या तुलूझ इथे पॉल साबात्येने १८९७ साली दाखवला आणि त्या कामासाठी त्याला १९१२ चं नोबेल मिळालं. तेव्हापासून या क्षेत्रात धातूंचंच राज्य आहे: निकेल, प्लॅटिनम, पॅलेडियम, पुढे ऱ्होडियम आणि रुथेनियम.

नुसता हायड्रोजन सोडला तर का होत नाही?

उताराची वाट आहे, पण वाटेत डोंगर आहे. इथिलीनचं इथेन होताना मोलमागे सुमारे १३७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, म्हणजे रेणूंना जायचं तिकडेच असतं. अडचण हायड्रोजनची. त्याचा बंध तोडायला ४३६ किलोज्यूल लागतात, त्याला ध्रुवीयता नाही, मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी नाही. धरायला कानच नाहीत. इथिलीन आणि हायड्रोजन एका बाटलीत वर्षभर ठेवले तरी ते शेजाऱ्यांसारखे राहतील.

संक्रमण धातू ही पकड दोन हातांनी घेतो. एका रिकाम्या कक्षकात (इलेक्ट्रॉन राहतात ती जागा) तो हायड्रोजनचे बंधातले इलेक्ट्रॉन ओढतो आणि दुसऱ्या, भरलेल्या डी-कक्षकातून हायड्रोजनच्या प्रतिबंधी (भरला की बंध सैल करणाऱ्या) कक्षकात इलेक्ट्रॉन ढकलतो. ओढणं आणि ढकलणं एकाच वेळी झालं की बंध सैल पडतो. हे दोन्ही हात एकाच अणूकडे असणं ही धातूंची खासियत, म्हणून धातूशिवाय हे जमणार नाही असं शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत शिकवलं गेलं. मीही तसंच शिकलो.

मग धातू नसताना कसं जमतं?

दोन हात एकाच अणूकडे असायला हवेत असं हायड्रोजनने कधी म्हटलं नव्हतं. ओढणारा एक रेणू आणि ढकलणारा दुसरा रेणू घेतला तर? ओढणारा म्हणजे लुईस आम्ल, उदाहरणार्थ रिकामा कक्षक असलेला बोरॉन. ढकलणारा म्हणजे लुईस आम्लारी, उदाहरणार्थ मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी असलेला फॉस्फरस किंवा नायट्रोजन.

पण आम्ल आणि आम्लारी एका भांड्यात घातले की ते आधी एकमेकांनाच मिठी मारतात. बोरॉन-फॉस्फरस बंध तयार होतो, दोघांची भूक भागते, आणि हायड्रोजनकडे कुणी ढुंकून पाहत नाही. त्यावर उपाय असा की दोघांभोवती इतके मोठे गट बसवायचे की इच्छा असूनही ते एकमेकांजवळ पोचू नयेत. फॉस्फरसवर तीन टर्शरी-ब्युटाइल गट आणि बोरॉनवर पाच-पाच फ्लोरिन लावलेले तीन फेनिल गट घ्या. दोघे समोरासमोर येतात, मधे फट राहते, ओढ मात्र तशीच शिल्लक असते. त्या फटीत हायड्रोजनचा चिमुकला रेणू शिरला की एक घाव दोन तुकडे: प्रोटॉन, म्हणजे धनभारित हायड्रोजन, फॉस्फरसकडे आणि हायड्राइड, म्हणजे ऋणभारित हायड्रोजन, बोरॉनकडे. खोलीच्या तापमानाला, साध्या वातावरणीय दाबाला.

अशा जोडीला रसायनशास्त्रात ‘फ्रस्ट्रेटेड लुईस पेअर’ म्हणतात, बोलण्यात ‘एफएलपी’. मराठीत मी वर्गात ‘अडलेली जोडी’ म्हणतो. ‘निराश जोडी’ असं शब्दशः भाषांतर कुठे कुठे दिसतं, पण ते चुकीच्या वाटेने नेतं, कारण या जोडीत निराशा कसलीच नाही. उलट अडल्यामुळेच तिच्यात जोर आहे.

फटीत नेमकं काय घडतं यावर जाणकारांत मतभेद होते. बुडापेस्टच्या पापाई यांच्या गटाने इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीचं चित्र मांडलं. जर्मनीतल्या ग्रिम यांनी दोन रेणूंमधल्या विद्युतक्षेत्रावर भर दिला. प्रयोग करणाऱ्याच्या दृष्टीने फरक इतकाच पडतो की फट फार अरुंदही नको आणि फार रुंदही नको.

ही कल्पना सुचली कुणाला?

श्रेय द्यायचं तर कॅनडातल्या डग्लस स्टीफन यांना. पण गोष्ट त्याआधी बरीच सुरू होते, आणि मला तिचा तो आधीचा भागच जास्त आवडतो.

१९४२ मध्ये एच. सी. ब्राउन यांना दिसलं की २,६-ल्युटिडिन हे आम्लारी बोरॉन ट्रायफ्लोराइडशी जोडलं जातं, पण ट्रायमिथाइलबोरेनशी नाही. मिथाइल गट आड येतात. त्यांनी ते गटांच्या आकाराचं उदाहरण म्हणून नोंदवलं आणि पुढे गेले. १९५९ मध्ये विटिग यांनी ट्रायफेनिलफॉस्फिन आणि ट्रायफेनिलबोरेन एकत्र असताना त्या दोघांनी मिळून बेंझाइन पकडल्याचं दाखवलं. १९६६ मध्ये टोख्टरमान यांनी तशाच एका जोडीला जर्मनमध्ये ‘विरोधी जोडी’ असं नावही दिलं. म्हणजे तिघांच्या हाताला ती जोडी लागली होती. त्या भांड्यात कुणी हायड्रोजन सोडला नाही, एवढंच. सोडायचं कारणच नव्हतं. हायड्रोजन म्हणजे धातू, हे डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

२००५ मध्ये कॅलिफोर्नियात फिलिप पॉवर यांच्या गटाने जर्मेनियमचं एक संयुग साध्या परिस्थितीत हायड्रोजनशी अभिक्रिया करतं असं दाखवलं आणि पहिली भिंत पडली. पण तिथून हायड्रोजन परत सुटत नव्हता.

२००६ साली स्टीफन विंडसर विद्यापीठात होते. नदीपलीकडे डेट्रॉइट, असं ते गाव. त्यांचा विद्यार्थी ग्रेगरी वेल्च याने एकाच रेणूत फॉस्फरस आणि बोरॉन दोन टोकांना बसवले होते, मधे चार फ्लोरिनचा एक बेंझिन-दुवा. या संयुगाच्या एका टोकाला प्रोटॉन आणि दुसऱ्या टोकाला हायड्राइड असलेलं रूप रंगहीन असतं. ते १०० अंशांच्या वर तापवलं की हायड्रोजन सोडून नारिंगी-लाल होतं. थंड करून खोलीच्या तापमानाला पुन्हा हायड्रोजन दिला की रंग उडतो. हायड्रोजन घेणं आणि सोडणं, दोन्ही धातूशिवाय, आणि डोळ्यांना दिसेल असं. ‘सायन्स’ नियतकालिकातला तो निबंध जेमतेम दोन-तीन पानांचा आहे.

हायड्रोजन फोडला म्हणजे उत्प्रेरक झाला का?

नाही, आणि परीक्षेत इथेच गुण जातात. फोडलेला हायड्रोजन दुसऱ्या रेणूला देऊन स्वतः मोकळं व्हायला हवं, तर तो उत्प्रेरक. बर्ट्रांड यांच्या गटाने २००७ मध्ये एका कार्बिनने, म्हणजे निव्वळ कार्बनच्या अणूने, हायड्रोजन फोडून दाखवला. सुंदर काम. पण कार्बनने हायड्रोजन घेतला तो घेतलाच.

स्टीफन यांची जोडी २००७ मध्येच उत्प्रेरक म्हणून चालली. पहिलं गिऱ्हाईक होतं इमिन, म्हणजे कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध. क्रम सरळ आहे: आधी प्रोटॉन इमिनच्या नायट्रोजनवर जातो, त्यामुळे कार्बन धनभारित होतो, मग बोरॉनवरचा हायड्राइड त्या कार्बनवर उडी मारतो. अमाइन तयार होतं, बोरॉन-फॉस्फरस जोडी रिकामी होते आणि पुढच्या हायड्रोजनला भिडते. ८० ते १२० अंश तापमान, १ ते ५ वातावरणाचा दाब, उत्प्रेरक ५ मोल टक्के, म्हणजे शंभर रेणूंमागे पाच.

२००८ मध्ये आणखी एक गंमत झाली. इमिन स्वतःच आम्लारी आहे, मग फॉस्फिन, म्हणजे फॉस्फरसचं ते संयुग, हवंच कशाला? नुसता बोरेन, म्हणजे बोरॉनचं संयुग, घातला, जोडीचा दुसरा जोडीदार म्हणून इमिनच उभं राहिलं, आणि काम झालं. म्हणजे तीन घटकांचं भांडं दोनावर आलं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी काटकसर हीच.

तो बोरेन कोणता? बाजारात मिळतो का?

ट्रिस-पेंटाफ्लुरोफेनिल-बोरेन. सगळे ‘बीसीएफ’ म्हणतात. १९६० च्या दशकात तो पहिल्यांदा बनला आणि पुढे प्लास्टिक उद्योगात मेटॅलोसीन उत्प्रेरकांना जागं करायला वापरला गेला, म्हणून तो मिळतो. पांढरी भुकटी, रेणुभार ५१२. बाटलीतून काढून तसाच वापरू नका, निर्वातात संप्लवन करून घ्या.

कोणत्या संयुगांवर चालतं आणि कोणत्यांवर नाही?

एका वाक्यात: ज्यावर प्रोटॉन बसू शकतो आणि बसल्यावर जे हायड्राइड मागतं, ते चालतं.

इमिन हे घरचं मैदान, त्यातही नायट्रोजनवर भारदस्त गट असलेली इमिनं. लहान गट असले की तयार झालेलं अमाइनच बोरॉनला चिकटून बसतं आणि उत्प्रेरक गुदमरतो. एनामाइन, सिलिल ईनॉल ईथर, क्विनोलिनसारखी नायट्रोजनयुक्त वलयं यांवरही काम चांगलं होतं. म्युन्स्टरचे गेऱ्हार्ड एर्कर यांनी बोरॉन-फॉस्फरस एका छोट्या दोन-कार्बनी पुलाने जोडून एनामाइनवर खोलीच्या तापमानाला हायड्रोजन चढवला.

साधं अल्कीन, म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध, अवघड, कारण त्यावर प्रोटॉन बसवायला जोरदार आम्ल हवं. इथे २०१२ मध्ये एक उलटा विचार कामी आला. आम्लारी मुद्दाम दुबळं घ्यायचं. दुबळ्या फॉस्फिनने उचललेला प्रोटॉन सैल असतो, म्हणजेच तो फॉस्फोनियम क्षार जोरदार आम्ल असतो. गंमत अशी की इतकं दुबळं आम्लारी हायड्रोजन फोडतंय हे खोलीच्या तापमानाला दिसतही नाही. उणे तापमानाला एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणू ओळखायच्या तंत्रात) त्याच्या खुणा सापडतात. तरी १,१-डायफेनिलइथिलीनसारख्या, धनभार सांभाळू शकणाऱ्या अल्कीनवर उत्प्रेरण चालतं.

कीटोन, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध असलेली संयुगं, बरीच वर्षं अडून बसले होते. बोरॉनला ऑक्सिजनचं वेड आहे, तयार झालेलं अल्कोहोल तो सोडत नाही. २०१४ मध्ये टोरांटो आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या दोन गटांनी जवळपास एकाच वेळी तोडगा काढला: द्रावक म्हणून ईथर किंवा डायऑक्सेन घ्यायचं. ईथरचा ऑक्सिजन बोरॉनला अर्धवट धरून ठेवतो, त्याच वेळी दुबळ्या आम्लारीचं कामही करतो. पूर्वी ज्याला आपण ‘द्रावक उत्प्रेरकाला बिघडवतो’ म्हणायचो, तोच इथे जोडीदार झाला.

अल्काइन (तिहेरी बंध) घेऊन मधेच थांबता येतं का? म्हणजे सिस-अल्कीनवर (दोन्ही गट एकाच बाजूला असलेल्या दुहेरी बंधावर)?

येतं. नेहमी यासाठी लिंडलारचा उत्प्रेरक वापरतात: कॅल्शियम कार्बोनेटवरचं पॅलेडियम, आणि ते फार पुढे जाऊ नये म्हणून शिशाने मुद्दाम ‘विष’ दिलेलं. एका जड धातूला आवरायला दुसरा जड धातू. २०१३ मध्ये हेलसिंकीच्या टिमो रेपो यांच्या गटाने पापाईंच्या साथीने एक अमिनो-बोरेन वापरून मधल्या तिहेरी बंधाचं सिस-अल्कीन बनवलं, आणि पुढे अल्केनपर्यंत घसरण झाली नाही. टोकाचा तिहेरी बंध असलेली अल्काइनं मात्र या पद्धतीत चालत नाहीत. तिथला आम्लधर्मी हायड्रोजन बोरॉनशी वेगळंच प्रकरण सुरू करतो.

पाण्याने खरंच इतकं बिघडतं?

हो. एक हिशोब करून बघा. १ मिलिमोल इमिनसाठी ५ टक्के बोरेन म्हणजे ०.०५ मिलिमोल, वजनाने सुमारे २६ मिलिग्रॅम. चमचाभर टोल्युइन घ्या, ५ मिलिलिटर. त्यात ३०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ३०० भाग, पाणी आहे असं धरा. झाकण नीट न लावलेल्या बाटलीत इतकं पाणी सहज असतं. ते होतं १.३ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.०७ मिलिमोल. उत्प्रेरकाच्या रेणूंपेक्षा पाण्याचे रेणू जास्त! पाणी बोरॉनवर बसतं, बसल्यावर ते जोरदार आम्ल होतं, आम्लारी त्याचा प्रोटॉन काढून घेतं, आणि मागे बोरॉनवर हायड्रॉक्साइड उरतो. अशा बोरॉनला हायड्रोजन दिसतच नाही.

माझ्या पहिल्या सहा प्रयत्नांत काहीच झालं नव्हतं. सुई टोचून द्रावक काढत होतो, वर आर्गॉन होता, सगळं पुस्तकाप्रमाणे. सातव्या वेळी बोरॉनचा एनएमआर घेतला. मोकळा बोरेन ६० पीपीएमच्या आसपास रुंद टेकडीसारखा दिसायला हवा. टेकडी गायब, आणि शून्याजवळ एक टोकदार सुळका. चार हात असलेला बोरॉन, म्हणजे पाणी. दोष निघाला रबरी बुचाचा. त्याच बुचाला आम्ही महिनाभर टोचत होतो, चाळण झाली होती त्याची. तेव्हापासून कुणी ‘रिअॅक्शन चालत नाही’ म्हणालं की मी आधी बूच बघतो.

२०१५ च्या सुमारास चित्र जरा बदललं. बुडापेस्टच्या शोश यांच्या गटाने पाण्याला जागाच मिळणार नाही असे अधिक भरगच्च बोरेन बनवले, आणि लंडनच्या गटाने दाखवलं की डायऑक्सेनमध्ये, पुरेशा तापमानाला, पाण्याचं बोरॉनवर बसणं उलटवता येतं, त्यामुळे न वाळवलेला द्रावकही चालतो. वेग कमी होतो, पण भांडं मरत नाही.

ग्लोव्ह बॉक्स (हवा-पाणी नसलेली बंद पेटी) नाही, फक्त शलेंक लाइन (निर्वात आणि निष्क्रिय वायू देणाऱ्या नळ्या) आहे. चालेल?

चालेल. काच रात्रभर ओव्हनमध्ये, द्रावक आण्विक चाळणीवर, आणि बूच नवं.

हायड्रोजनचा सिलेंडर नको असेल तर?

मग हायड्रोजन दुसऱ्या रेणूवरून आणायचा. शरीर हेच करतं: एनएडीएच नावाचा रेणू हायड्राइड वाहून नेतो. त्याची साधी नक्कल म्हणजे हांट्श एस्टर, आर्थर हांट्श यांनी १८८० च्या दशकात शोधलेलं डायहायड्रोपिरिडिन. हे नाव परकं वाटलं तरी त्याची भावकी तुमच्या घरात असेल, रक्तदाबाची अॅम्लोडिपिन आणि निफेडिपिन ही औषधं त्याच सांगाड्याची.

२००४-०५ मध्ये बेंजामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन या दोघांच्या गटांनी हांट्श एस्टरमधून असंतृप्त अल्डिहाइडच्या कार्बन-कार्बन दुहेरी बंधावर हायड्रोजन चढवला. उत्प्रेरक म्हणजे एक लहान सेंद्रिय अमाइन. त्याच सुमारास इमिनसाठी कायरल (डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं असणारी) फॉस्फोरिक आम्लं आली. सेंद्रिय उत्प्रेरणासाठी लिस्ट आणि मॅकमिलन यांना २०२१ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पद्धत देखणी आहे, हवेत चालते, सिलेंडर नाही. पण प्रत्येक रेणूमागे एक पिरिडिनचा रेणू कचरा म्हणून उरतो आणि तो शुद्धीकरणाच्या स्तंभावर उत्पादनाच्या मागेमागे येतो. ज्याने वेगळा केला आहे त्याला माहीत आहे.

एकाच हाताचा, म्हणजे एकच कायरल रेणू मिळतो का?

एफएलपीने सुरुवात फार लाजिरवाणी झाली. आखेनच्या क्लांकरमायर यांनी २००८ मध्ये पाइनच्या राळेतल्या अल्फा-पाइनिनपासून कायरल बोरेन बनवला, आणि एका हाताचं आधिक्य आलं फक्त १३ टक्के. मला त्यांचं कौतुक यासाठी वाटतं की तो आकडा त्यांनी दडवला नाही. दोनच वर्षांत कापरापासून, हो, आरतीतल्या कापराच्याच सांगाड्यापासून बनवलेल्या बोरेनने तो ८३ टक्क्यांपर्यंत नेला. २०१३ मध्ये चीनमध्ये दू हायफेंग यांच्या गटाने कायरल डायईनवर बोरेन जागच्या जागी बनवून ८९ टक्के गाठले. ऱ्होडियम-रुथेनियमच्या दुनियेत ९९ टक्क्यांखाली कुणी फारसं बोलत नाही, हेही खरं.

धातू खरंच नाही कशावरून? भांड्याला चिकटलेला पॅलेडियम नसेल?

शंका रास्त आहे, आणि ती घेतलीच पाहिजे. २००३ मध्ये सुझुकी जोडणी पॅलेडियमशिवाय होते असं प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी त्याच गटाने स्वतःच तपासून सांगितलं की वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये ५० पीपीबी पॅलेडियम होतं. पीपीबी म्हणजे अब्जात एक. तेवढ्याने काम झालं होतं. ढवळायच्या चुंबकी दांड्यांच्या टेफ्लॉनमध्येही जुन्या प्रयोगांचा धातू मुरून बसतो.

एफएलपीच्या बाजूने भक्कम पुरावा असा की पहिली पायरी उत्प्रेरकी नाही, मापात मोजता येणारी आहे. एक रेणू बोरेन, एक रेणू फॉस्फिन, एक रेणू हायड्रोजन, आणि त्यातून निघालेला फॉस्फोनियम-हायड्रिडोबोरेट क्षार गाळून, वाळवून, स्फटिक करून क्ष-किरणांखाली ठेवता येतो. तोच क्षार शुद्ध करून इमिनवर घातला तर इमिनचं अमाइन होतं. लपलेल्या धातूला या साखळीत काही कामच उरत नाही. तरीही तुमची स्वतःची नवी पद्धत असेल तर नवी काच, नवी दांडी आणि आयसीपी-एमएसचा (अत्यल्प धातू मोजणाऱ्या यंत्राचा) अहवाल, एवढं कराच. आणि मुद्दाम चिमूटभर पॅलेडियम घालून वेग वाढतो का तेही बघा.

निसर्गात धातूशिवाय हायड्रोजन हाताळणारं विकर आहे का?

आहे, असं चौदा वर्षं सगळे मानत होते. मिथेन बनवणाऱ्या आर्किया सूक्ष्मजीवांत मारबुर्गच्या रुडॉल्फ थाउअर यांच्या गटाला १९९० मध्ये एक हायड्रोजिनेज सापडलं, त्यात निकेल नव्हतं, लोह-गंधकाचे पुंजके नव्हते. ‘धातुविरहित हायड्रोजिनेज’ असं त्याचं नाव पडलं. कार्बनचा धनभारित रेणू हायड्रोजन कसा फोडू शकेल यावर हुशार लोकांनी सिद्धांत लिहिले. मग लक्षात आलं की विकर प्रकाशात ठेवलं की मरतं. प्रकाशाला घाबरणारं काहीतरी आत आहे, या धाग्यावरून २००४ मध्ये त्यात लोहाचा अणू सापडला, कार्बन मोनॉक्साइडसह. आता त्याला लोह-हायड्रोजिनेज म्हणतात. धातू नाही असं म्हणताना जीभ जरा आवरावी ती यासाठी.

पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइडनेही हायड्रोजनीकरण होतं म्हणतात. पोटॅशियम धातू नाही का?

आहे. १९६४ मध्ये वॉलिंग आणि बोलिकी यांनी बेंझोफिनोन या क्षाराने हायड्रोजनित केलं, सुमारे २०० अंश आणि १०० वातावरणाहून अधिक दाबाखाली. लोक अशा कामाला ‘धातुविरहित’ म्हणतात तेव्हा त्यांना ‘संक्रमण धातूविरहित’ म्हणायचं असतं. शब्दांचा आळस आहे. बोरॉन धातुसदृश मूलद्रव्यांत मोडतो, म्हणून काहीजण एफएलपीवरही हरकत घेतात. मी ती हरकत मोडीत काढतो.

म्हणजे ही ‘ग्रीन’ पद्धत म्हणायची का?

तावातावाने ‘हो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. एक किलो टर्शरी-ब्युटाइल-बेंझिलअमाइन बनवायचं तर ५ मोल टक्क्यांच्या हिशोबाने सुमारे १५७ ग्रॅम बीसीएफ लागेल. त्याच्या प्रत्येक रेणूत पंधरा फ्लोरिन, आणि तो बनवायला लागणारं पेंटाफ्लुरोफेनिल अभिकर्मक तापलं तर स्फोटाची भीती. नाकापेक्षा मोती जड. पॅलेडियम महाग असला तरी गाळून परत मिळतो, शुद्धीकरणाला पाठवता येतो. बीसीएफ शेवटी पाणी घालून मारून टाकतात आणि तो कचऱ्यात जातो. धातूतून सुटलो आणि फ्लोरिनात अडकलो, अशी गत होऊ नये. कमी फ्लोरिनचे, पुन्हा वापरता येणारे बोरेन हा आज करण्यासारखा खरा प्रश्न आहे.

औषध कारखान्यांत याचा उपयोग?

आकर्षण समजण्यासारखं आहे. तोंडावाटे घ्यायच्या औषधात पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम, इंजेक्शनमधून १०. त्यासाठी शेवटच्या पायरीनंतर धातू धुऊन काढायचा खर्च येतो. धातूच नसेल तर तो प्रश्नच नाही. शिवाय पॅलेडियम-कार्बन आणि राने निकेल या नेहमीच्या धातू-उत्प्रेरकांच्या भुकट्या ही दोन्ही आगीची कारणं. तारापूर, पाताळगंगा, लोटे, कुठल्याही एमआयडीसीतला जुना ऑपरेटर तुम्हाला सांगेल की गाळणीवरचा काळा गाळ कोरडा पडू द्यायचा नाही. मिथेनॉलची वाफ आणि वाळलेला पॅलेडियम-कार्बन एकत्र आले की पेट घ्यायला ठिणगीचीही गरज नसते.

पण रिअॅक्टर दोन हजार लिटरचा असतो, वाळवलेला टोल्युइन टँकरने येत नाही, आणि रेणूवर एखादा आम्लगट, फिनॉल किंवा मोकळं अमाइन असतंच. माझ्या पाहण्यात तरी एफएलपी अजून काचेच्या भांड्यातच आहे. ज्या रेणूत गंधक आहे, जो पॅलेडियमला विष देतो, किंवा नायट्रो गट आणि हॅलोजन जसेच्या तसे ठेवून फक्त इमिन कमी करायचं आहे, तिथे मी आधी याच्याकडे बघेन.

वनस्पती तूप असं बनवता येईल?

नाही. तेलातले दुहेरी बंध धनभार सांभाळू शकत नाहीत, एस्टरचा ऑक्सिजन बोरॉनला गुंतवून ठेवतो, आणि निकेल फार स्वस्त आहे.

पहिला प्रयोग करायचा तर कोणता?

बेंझाल्डिहाइड आणि टर्शरी-ब्युटाइलअमाइन यांचं इमिन. भारदस्त आहे, उर्ध्वपातनाने शुद्ध होतं. नुसता बीसीएफ घ्या, फॉस्फिनच्या भानगडीत पडू नका. ट्राय-टर्शरी-ब्युटाइलफॉस्फिन हवेत पेटतं आणि त्याचा वास कपड्यांतून जात नाही. जाड भिंतीची, दाब सोसणारी नळी घ्या आणि तिच्यापुढे ढाल ठेवा. द्रावण गोठवून, हवा ओढून, वितळवून, असं तीनदा करा, मगच हायड्रोजन सोडा. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात हायड्रोजन पेटतो, त्यामुळे उरलेला वायू धुराड्याखालीच (फ्यूम हूडमध्येच) सोडायचा, आणि तेव्हा शेजारच्याची हॉटप्लेट बंद आहे ना हे स्वतः जाऊन बघायचं. द्रावण तापवण्याआधी थोडं एनएमआर नळीत काढून बोरॉनचा वर्णपट घ्या. साठच्या आसपासची ती टेकडी किंवा इमिनला सैल चिकटलेल्या बोरॉनची खूण दिसली तर पुढे जा. शून्याजवळ सुळका दिसला तर बूच बदला.